पोटांतली गोष्ट पोटांत ठेवूं नये

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत पुष्कळ विषयांवर मोकळेपणानें बोलणें होतें. जेवणाच्या पंक्तीला राजकारण निघतें, मुलांचीं लग्नें निघतात, भाऊबंदांचे तंटेही निघतात. परंतु एक विषय मात्र असा आहे कीं, तो निघाला म्हणजे वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. तो विषय शौचाचा. घरांतील वृद्ध मनुष्य दिवसांतून कितीदां शौचास गेलें हें सुनेनें विचारूं नये, मुलानें विचारावयाचें तर मान खालीं घालून विचारावें, आणि वडिलांनीं उत्तर द्यावयाचें तर "ठीक आहे" एवढेंच द्यावें, अशी आपली रीत. एरव्हीं ह्या रीतीनें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. तथापि कर्करोगावर अलीकडे जे नवे उपचार निघाले आहेत, त्यांपैकीं एका उपचारांत ही मर्यादा जिवावर बेतूं शकते. आमच्या घरीं ती बेततां बेततां राहिली. म्हणून ती हकीकत, आणि तिच्या अनुषंगानें आम्हांस जें शिकावयास मिळालें तें, ज्यांच्या घरीं असाच प्रसंग असेल अशा वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हा उपचार कोणता?

शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी हे कर्करोगावरील तीन उपाय आतां घरोघरीं ऐकून ठाऊक आहेत. ह्या तिन्हींत रोगावर बाहेरून प्रहार होतो. इम्युनोथेरपीची रीत निराळी. तिच्यांत औषध रोगाला मारीत नाहीं. तें शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला मोकळीक देतें. आपल्या रक्तांत टी पेशी नांवाचे पहारेकरी असतात. परक्याला ओळखून ठार करणें हें त्यांचें काम. परंतु त्यांनीं चुकून स्वकीयांवरच शस्त्र धरूं नये म्हणून निसर्गानें त्यांस लगाम घातलेला आहे. कर्करोगाच्या कांहीं पेशी कावेबाज असतात. त्या हाच लगाम खेंचून धरतात आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत वाढत राहतात. अमेरिकेचे जेम्स अॅलिसन व जपानचे तासुकु होंजो ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं असे दोन निरनिराळे लगाम अभ्यासले, आणि ते सैल केले असतां पहारेकरी कामाला लागतो हें सिद्ध झालें. ह्याबद्दल त्यांस सन २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या जातीचें पहिलें औषध, इपिलिमुमाब, ह्याला अमेरिकेंत सन २०११ मध्यें परवानगी मिळाली. पेंब्रोलिझुमाब आणि निव्होलुमाब हीं सन २०१४ मध्यें आलीं.

हीं औषधें अतिशय महाग आहेत, आणि ह्या बाबतींत मुंबईच्या टाटा रुग्णालयानें केलेलें काम अभिमान बाळगण्यासारखें आहे. तेथील डॉक्टरांनीं डोक्याच्या व मानेच्या भागांतील बळावलेल्या कर्करोगावर निव्होलुमाबची केवळ २० मिलिग्रॅमची मात्रा, म्हणजे नेहमींच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी, दर तीन आठवड्यांनीं देऊन पाहिली. नुसत्या गोळ्यांच्या उपचारावर असलेल्या रुग्णांपैकीं वर्षअखेर शेंकडा सुमारें १६ हयात होते. गोळ्यांच्या जोडीला ही अल्प मात्रा मिळालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ४३ हयात होते. हा प्रयोग सन २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. तात्पर्य, हा उपचार आतां केवळ परदेशीं जाऊं शकणाऱ्या श्रीमंतांचा राहिलेला नाहीं. तो आपल्या गल्लींत येऊन पोंचला आहे, आणि म्हणूनच त्याचे गुणदोष घरांतील प्रत्येकानें जाणले पाहिजेत.

दोष कोणता, तर लगाम सैल झालेला पहारेकरी कधीं कधीं घरच्याच माणसावर धांवून जातो. कातडी, यकृत, फुफ्फुस, कंठांतील ग्रंथि, कोठेंही हें घडूं शकतें. परंतु आंतड्यांत पहारेकऱ्यांची वस्ती फार दाट असल्यामुळें तेथें तें वारंवार घडतें. इपिलिमुमाब व निव्होलुमाब हीं दोन औषधें एकत्र घेणाऱ्यांपैकीं सुमारें तिघांत एकाला जुलाब होतात. त्यांतील कित्येकांचे सौम्य असतात; परंतु कांहींच्या मोठ्या आंतड्याला खरोखरीच दाह होऊन आंव व रक्त पडूं लागतें. हा प्रकार बहुधा उपचार सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनीं दिसतो. मात्र तो त्याआधींही दिसेल, आणि औषध बंद करून महिने लोटल्यावरही दिसेल. म्हणून तें अजीर्ण नव्हे, बाधलेलें अन्न नव्हे, आणि दरवेळीं जंतूंचा उपद्रवही नव्हे, हें प्रथम मनांत ठसलें पाहिजे.

आमच्या घरची हकीकत

आमचे घर चिंचवडगांवांत, मोरया गोसावींच्या समाधिमंदिराच्या घंटेचा नाद ऐकूं येईल इतक्या अंतरावर आहे. तीर्थरूप नाना ७६ वर्षांचे. त्यांची सारी नोकरी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्यें झाली. सन १९५४ मध्यें स्थापन झालेल्या ह्या सरकारी कारखान्यानें देशाला स्वतःचें पेनिसिलीन दिलें, ही गोष्ट ते आजही आल्यागेल्याला सांगतात. त्यांच्या मूत्रपिंडाला कर्करोग झाला. तें मूत्रपिंड काढलें. पुढें रोगाचीं बीजें फुफ्फुसांत आढळलीं, आणि वर सांगितलेलीं दोन्ही औषधें एकत्र देण्याचें ठरलें. दर तीन आठवड्यांनीं एक, अशा पहिल्या दोन मात्रा निर्विघ्न पार पडल्या. खोकला कमी झाला, नाना पुन्हां नदीकांठीं फिरावयास जाऊं लागले, आणि आम्हीं सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतर ते जेवणाला टाळाटाळ करूं लागले. संकष्टीच्या दिवशीं त्यांनीं चंद्रोदयानंतरही पान वाढूं दिलें नाहीं. उपासानें बरें वाटतें म्हणाले. आईला संशय आला तेव्हां तिनें जायफळ उगाळून दिलें, दुसऱ्या दिवशीं बेलाचा मुरंबा काढला. धाकट्या बंधूंनीं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांतून जुलाब थांबविण्याच्या गोळ्या आणल्या. प्रत्येकानें आपापल्या परीनें प्रेमच केलें. परंतु ज्यांच्या देखरेखीखालीं उपचार चालू होता त्या डॉक्टरांना फोन करण्याचें मात्र एकालाही सुचलें नाहीं. शेवटीं आमची दहा वर्षांची पुतणी सकाळीं सहज बोलून गेली, "आजोबा रात्रीं सारखे उठतात. मीं पांच वेळां दिवा लागलेला पाहिला." त्याच दुपारीं नाना न्हाणीघराच्या उंबऱ्यावर घेरी येऊन पडले.

रुग्णालयांत डॉक्टरांनीं विचारलें, जुलाब किती दिवस आहेत? आम्हीं सांगितलें, दोन-तीन. नानांनीं डोळे मिटून हलकेच सांगितलें, "अकरा." दिवसाला नऊ-दहा वेळां शौच, आंव आणि रक्त, रक्तदाब खालावलेला, आणि उरलेल्या एकुलत्या एका मूत्रपिंडावर पाण्याच्या तुटीनें ताण पडलेला. आणखी चार दिवस गेले असते तर आंतड्याला छिद्र पडण्याचेंही भय होतें, असें डॉक्टर म्हणाले.

रात्रीं आम्ही त्यांच्या उशाशीं बसलों असतां त्यांनीं आपणहून कारण सांगितलें. लाज हें अर्धेंच कारण होतें. "सांगितलें असतें तर औषध बंद केलें असतें. आणि औषध बंद म्हणजे सगळेंच बंद." हें ऐकून आमच्या घशाशीं आवंढा आला. अकरा दिवस ह्या मनुष्यानें वेदना सोसल्या त्या केवळ संकोचानें नव्हे, तर जगण्याच्या आशेनें. आणि तीच आशा त्यांना मरणाच्या दारीं घेऊन चालली होती.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं त्यांच्याजवळ बसून जें समजावलें तें प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशीं समजावलें जावें असें आम्हांस वाटतें. वेळेवर कळलें तर सौम्य जुलाबांत औषध थोडे दिवस थांबवून पुढें चालू करतां येतें. उशीर झाला तर मात्र तें कायमचें सोडावें लागण्याचा संभव वाढतो. शिवाय ह्या त्रासामुळें ज्यांचें औषध थांबवावें लागलें, अशाही पुष्कळ रुग्णांत त्याचा गुण पुढें टिकून राहिलेला दिसला आहे. कारण एकदां जागा झालेला पहारेकरी लगेच झोपीं जात नाहीं. अर्थात् सांगणें हें औषधाशीं वैर नव्हे; सांगणें हाच तें राखण्याचा मार्ग आहे.

मोजावें आणि कळवावें

डॉक्टर ह्या दुखण्याची पायरी आंकड्यांनीं ठरवितात. रुग्ण निरोगी असतां दिवसांतून जितक्यांदां शौचास जात असे, त्याहून अधिक किती, हें पहावयाचें. चारपेक्षां कमी वाढ ही पहिली पायरी. चार ते सहा ही दुसरी. सात किंवा अधिक ही तिसरी. पहिल्या पायरीवर पाणी, पथ्य आणि बारीक लक्ष ह्यांवर बहुधा निभावतें; परंतु कळवावें तेव्हांही. दुसऱ्या पायरीवर त्याच दिवशीं डॉक्टरांशीं बोललें पाहिजे. तिसरी पायरी, किंवा रक्त, तीव्र पोटदुखी, पोट फुगून कठीण होणें, ताप, घेरी, लघवी फार कमी होणें ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास आंकड्याची वाट न पाहतां, रात्र असो वा सण असो, रुग्णालय गांठावें. तेथें जातांच "रुग्णाला इम्युनोथेरपी चालू आहे" हें पहिलें वाक्य असावें. नाहींतर नवख्या डॉक्टरास तो साधा जुलाबाचा रोगी वाटण्याचा संभव असतो.

पुढील उपचार डॉक्टरांनींच करावयाचे. तरी त्यांचा क्रम ठाऊक असला म्हणजे घाबरगुंडी उडत नाहीं. जंतूंचा उपद्रव नाहीं ना, हें पाहण्यासाठीं मळ तपासतात. जरूर तर दुर्बिणीनें आंतडें पाहतात. दाह ठरला कीं स्टेरॉईड, सौम्य असेल तर गोळ्यांनीं, तीव्र असेल तर शिरेंतून. तीन ते पांच दिवसांत उतार न पडल्यास इन्फ्लिक्सिमाब किंवा व्हेडोलिझुमाब हीं औषधें योजतात. इन्फ्लिक्सिमाब देण्यापूर्वीं क्षयाची व काविळीच्या विषाणूची तपासणी करतात. आपल्या देशांत क्षयाचे जंतू पुष्कळांच्या शरीरांत निद्रिस्त असल्यामुळें ही दक्षता विशेष महत्त्वाची. नानांना स्टेरॉईडनें पुरता गुण येईना. इन्फ्लिक्सिमाबची एक मात्रा दिली, आणि चौथ्या दिवशीं त्यांनीं प्रथमच भाताची पेज मागितली.

ह्याच मुक्कामांत आमच्या वहिनींनीं एक मोठें काम केलें. परिचारिकेनें नोंदीचा कागद पुढें केला कीं नाना भिंतीकडे तोंड फिरवीत. वहिनी म्हणाल्या, "नाना, कारखान्यांत टाकीची एक नोंद चुकली तर आख्खी बॅच वायां जात असे, असें तुम्हींच सांगतां ना? मग ही नोंद कां चुकवावी?" नाना क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनीं वही मागवली, पट्टी मागवली, आणि स्वतःच्या हातानें रकाने आंखले: वेळ, प्रमाण, पातळ कीं घट्ट, आंव, रक्त, दुखणें, प्यालेलें पाणी, लघवी, वजन. ज्या गोष्टीचा उच्चारही लाजिरवाणा होता ती, शास्त्राच्या रकान्यांत बसतांच, त्यांच्या अधिकाराची झाली. घरोघरीं वृद्धांचा संकोच मोडण्याची रीत निराळी असेल. परंतु हुकूम करण्यापेक्षां त्यांच्याकडेच कारभार सोंपविणें अधिक उपयोगी पडतें, असा आमचा अनुभव आहे.

घरगुती उपायांविषयीं

जायफळ, सुंठ, बेल, कुडा हीं आपल्या आज्यांचीं औषधें आम्ही तुच्छ मानीत नाहीं. साध्या बिघडलेल्या पोटाला त्यांनीं पिढ्यान् पिढ्या आराम दिला आहे. परंतु येथें शत्रु निराळा आहे. जुलाब दाबणारी गोळी आपल्या मनानें दिली तर बाहेरची खूण नाहींशी होते आणि आंतला दाह वाढत राहतो. दुकानांतून आणलेल्या जंतुनाशक गोळ्यांचें तसेंच. त्यांनीं आंतड्यांतील उपकारक जंतूही मरतात, आणि उपचाराच्या आरंभीं अशीं औषधें घेतलेल्या रुग्णांत इम्युनोथेरपीचा गुण कमी आढळल्याचें कित्येक अभ्यासांत दिसलें आहे. पेनिसिलीनच्या कारखान्यांत जन्म घालविलेले नाना स्वतःच म्हणाले, "जंतू सांपडल्यावांचून जंतूचें औषध देऊं नये, हें मीं तुम्हांला शिकवावयास हवें होतें." अंगदुखीवरच्या कांहीं गोळ्यांनींही आंतड्याचा दाह वाढतो, म्हणून त्याही विचारल्याशिवाय नकोत.

प्रतिकारशक्ति वाढविणारे काढे हा आणखी एक मोह. जिथें प्रतिकारशक्तीच बेफाम झाली आहे, तिथें ती वाढविण्याचा यत्न कशाला? सन २०२१ मध्यें मुंबईच्या डॉक्टरांनीं गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचें प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें त्या निष्कर्षास हरकत घेतली. तो वाद तज्ज्ञांचा. परंतु ज्या रुग्णाच्या यकृताला ह्या उपचारांत आधींच धोका आहे, त्याला असा काढा डॉक्टरांना न विचारतां देऊं नये, इतकें शहाणपण तरी आपण घ्यावें.

स्वयंपाकघरांतील व्यवस्था

जुलाब चालू असतां पहिलें अन्न म्हणजे पाणी. सन १९७१ मध्यें बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनीं साखर-मिठाच्या पाण्यानें पटकीचे असंख्य रोगी वांचविले. तेंच पाणी आज पाकिटांत मिळतें. पाकिटावर लिहिलें असेल तितक्याच पाण्यांत तें कालवावें. पाकीट नसल्यास उकळून निवविलेल्या एका लिटर पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोट घोट, वारंवार द्यावें. ज्यांस हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें.

अन्न थोडें थोडें, दिवसांतून सहा वेळां. मऊ भात, भाताची पेज, सालरहित मुगाचें पातळ वरण, पाण्यांत शिजविलेली साबुदाण्याची लापशी, पिकलेलें केळें, उकडलेला बटाटा हीं सोसतात. दूध कांहीं दिवस वर्ज्य करावें. दाह झालेल्या आंतड्याला तें पचत नाहीं. घरच्या ताज्या दह्याचें पातळ ताक डॉक्टरांनीं हो म्हटल्यास चालतें. कोशिंबिरी, उसळी, पालेभाज्या, तळण, मिरची, तूप घातलेलीं पक्वान्नें आणि कडक चहा-कॉफी हीं बाजूस ठेवावीं. आमच्याकडे माघी जयंतीचे मोदक आले तेव्हां नानांच्या ताटांत नुसता मऊ भात होता. मुलांनीं आपण होऊन आपले मोदक त्यांच्या दृष्टीआड नेऊन खाल्ले. वजनाची घट मात्र लहान समजूं नये. आठवड्यांतून दोनदां वजन करावें, आणि पोट स्थिर होतांच वरण, दहीं, पनीर ह्यांनीं शरीराची झीज भरून काढण्याकडे लक्ष द्यावें.

उपवासाविषयीं स्पष्टच लिहितों. ह्या काळांत उपवास करूं नये. स्टेरॉईड रिकाम्या पोटीं घेतां येत नाहीं, आणि पाण्यावांचून मूत्रपिंड थकतें. आईनें नानांची संकष्टी स्वतःकडे घेतली; श्रद्धाही राहिली आणि पथ्यही.

स्टेरॉईडचे दिवस

जुलाब थांबले म्हणजे दुखणें संपलें असें नव्हे. स्टेरॉईड सुमारें चार ते सहा आठवडे क्रमाक्रमानें कमी करीत नेतात. तें एकाएकीं सोडणें घातक असतें. दाह तर उलटतोच, शिवाय शरीराला स्वतःचें तसें द्रव्य निर्माण करण्यास अवधि मिळत नाहीं. ह्या दिवसांत रक्तांतील साखर वाढते, झोंप उडते, भूक भलतीच लागते, आणि शांत मनुष्यही तापट होतो. नानांनीं एकदां ताट दूर लोटलें, आई रडली. तो राग त्यांचा नसून गोळीचा आहे, हें आधीं ठाऊक असतें तर ते अश्रू वांचले असते. गोळी सकाळीं, न्याहारीनंतर द्यावी, म्हणजे झोंपेचा त्रास थोडा कमी होतो. बाहेरचें अन्न, सर्दी-तापाचीं माणसें, गर्दी हीं टाळावींत.

आणखी चार खुणा घरांतल्या सर्वांस पाठ असाव्यात. डोळे पिंवळे दिसणें व लघवी गडद होणें ही यकृताची खूण. अतोनात तहान, वारंवार लघवी आणि ओकाऱ्या ही एकाएकीं उद्भवलेल्या मधुमेहाची. पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी स्वादुपिंडाची. आणि अकारण गळून जाणें, मळमळ, डोकेदुखी ही शरीरांतील ग्रंथि थकल्याची. ह्यांतील कोणतीही खूण "वयोमानाप्रमाणें चालायचेंच" म्हणून सोडूं नये.

एकत्र कुटुंबाचा एक मोठा लाभ असा कीं, सेवेचा भार वांटतां येतो. आणि एक मोठा तोटा असा कीं, प्रत्येकाला वाटतें दुसऱ्यानें पाहिलें असेल. आमच्या घरीं सात माणसें असतां अकरा दिवस कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं, ह्याचें कारण हेंच. आतां वही पाहण्याचें काम एकाचें, औषधांचें दुसऱ्याचें, आणि डॉक्टरांशीं बोलण्याचें तिसऱ्याचें. नानांचा बिछाना न्हाणीघराजवळच्या खोलींत हलविला आहे, वाटेंत रात्रभर मंद दिवा असतो, भिंतीला धरावयास दांडी बसविली आहे. बदलावयाचें धोतर त्यांच्या हाताशीं असतें, म्हणजे कोणाला हांक मारावी लागत नाहीं. वृद्धाची अब्रू राखणें हेंही पथ्यच आहे.

नानांचें इपिलिमुमाब कायमचें थांबलें. पोट पूर्ण शांत झाल्यावर निव्होलुमाब एकटेंच, जपून, पुन्हां सुरू केलें आहे. मागच्या तपासणींत फुफ्फुसांतील गांठी वाढलेल्या नाहींत. पुढें काय होईल, हें आम्ही सांगूं शकत नाहीं, डॉक्टरही सांगत नाहींत. मात्र रोज सकाळीं देवपूजा आटोपली कीं नाना वही उघडतात, चष्मा चढवितात, आणि नोंद पुरी करून खालीं सही करतात. परवां त्यांनीं ती वही आमच्या पुतणीच्या हातांत दिली आणि म्हणाले, "आजचा आंकडा तूं वाच, मोठ्यानें." तिनें वाचलें, "एक." पंक्तीला बसलेल्या कोणाच्याही कपाळाला आठी पडली नाहीं.